भांड्यावरचं नाव

‘‘वहिनी, घर काढायलात म्हणं?’’

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यापासून चितेगावात पाऊल टाकलं, की किमान दोघं-तिघं तरी मला हे विचारायचे. किराणा दुकानदार, पिठाच्या गिरणीवाला, रसवंतीवर बसलेला ओळखीचा एजंट. आपल्याकडे घर विकायची बातमी गावाला आधी कळते आणि घरातल्या बाईला मागून. आमच्या घरातल्या थोरल्या बाईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ती सगळ्यात शेवटी कळली. आणि हा दोष एकट्या पुरुषांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. मीही त्यात होते. म्हणूनच आज हे लिहायला बसले आहे.

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघालं, की नक्षत्रवाडीच्या पुढे आणि बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागतं. मूळचं शेतकऱ्यांचं गाव. पैठण रस्त्यावर कारखाने आले, व्हिडिओकॉनच्या टीव्ही-फ्रिजमुळे तर चितेगावचं नाव दूरवर गेलं, आणि कामासाठी आलेल्या माणसांनी इथे लहान लहान प्लॉट घेऊन घरं बांधली. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता वारं पुन्हा फिरलंय. बिडकीनचं नवं औद्योगिक क्षेत्र सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालं, मोठमोठ्या कंपन्यांची नावं कानावर यायला लागली आणि रस्त्याच्या कडेने ‘प्लॉट विकणे आहे’चे बोर्ड उभे राहिले. ज्या घरांना कुत्रं विचारत नव्हतं, त्यांच्या दारात एजंट चपला काढू लागले.

आमचं घरही त्यातलंच. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गंगाकाठच्या खेड्यातून एका कारखान्यात नोकरीला आले. दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी स्लॅब. अण्णा गेले, सासूबाई शहरात आमच्याकडे आल्या. धाकटे दीर पुण्यात, नणंद जालन्याला. घर काही वर्षं कामगारांना भाड्याने दिलं, नंतर कुलूप. दर पावसाळ्यात स्लॅब गळायचा आणि दर दिवाळीत आम्ही ‘एकदा बघायला पाहिजे’ म्हणायचो. शेवटी दोघा भावांनी फोनवर ठरवलं, काढून टाकू.

रंग, पुट्टी आणि हार घातलेला फोटो

घर विकायला काढायचं म्हणजे त्याला नटवायचं, एवढंच मला माहीत होतं. मुलगी दाखवायला न्यायची तसं! एजंटने यादीच दिली. दर्शनी भिंत रंगवा. स्लॅबची गळती बंद करा, नुसता रंग मारून डाग झाकू नका, कारण पावसाळ्यात गिऱ्हाईक परत येतं आणि भाव पाडतं. न्हाणीघराचं तुंबलेलं गटार मोकळं करा. सगळे दिवे लागू द्या, नळाला पाणी येऊ द्या. वीजबिल, घरपट्टी, पाणीपट्टीची बाकी ठेवू नका. सल्ले रास्त होते. मग हळूच म्हणाला, ‘‘आणि वहिनी, तो हार घातलेला फोटो तेवढा काढा. गिऱ्हाईक बिचकतं.’’

अण्णांचा फोटो मी उतरवला. भिंतीवर त्या जागी पांढुरका चौकोन राहिला. रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी तोही घालवला.

मी चार दिवस पदर खोचून राबले. गवंड्याने स्लॅबच्या भेगा भरून वर वॉटरप्रूफिंग केलं. दाराच्या कड्यांना तेल घातलं, खिडक्यांची गंजलेली गजं घासून रंगवली. बाहेरचा ओटा धुऊन काढला. याच ओट्यावर नाथषष्ठीला पैठणला जाणाऱ्या दिंड्यांसाठी सासूबाई माठ भरून ठेवायच्या. चहाचं पातेलं पहाटेपासून चुलीवर असायचं. वारकरी पायरीवर टेकायचे, पायाला तेल लावायचे. एका बाईचं सगळं पुण्य त्या ओट्यावर सांडलेलं, आणि मी तो ब्रशने घासत होते!

हे सगळं चाललं होतं तेव्हा सासूबाईंना आम्ही सांगितलं होतं, ‘‘घराची जरा डागडुजी करतोय.’’ खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

माळ्यावरची पितळ

पाचव्या दिवशी माळा उतरवायचा होता. त्यातलं काय ठेवायचं, काय भंगारात द्यायचं, हे सासूबाईंशिवाय कोण सांगणार? म्हणून त्यांना घेऊन गेले. त्या दारातच थबकल्या. नवा रंग, मोकळ्या भिंती, कोपऱ्यात बांधून ठेवलेलं सामान. काही बोलल्या नाहीत. ओट्यावर जाऊन बसल्या.

मी एकेक वस्तू खाली काढत गेले. पाळणा, जातं, फुटक्या काठाचा रांजण, शिवणयंत्राचं झाकण. मग पितळेची भांडी. हंडा, घागर, परात, दोन तपेल्या, पाच तांबे. काळी पडलेली. मी चिंच लावून घासायला घेतली तर हंड्याच्या गळ्यावर अक्षरं उमटली. एक नाव होतं, आणि ते मला ओळखू येईना.

‘‘आई, ही कोण?’’

‘‘मीच की.’’ त्या हसल्या. ‘‘माझ्या बापानं दिलेला हंडा हाये तो. लग्नात नाव बदलायच्या आधीचं नाव.’’

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला माझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. परातीवर मग त्यांचं सासरचं नाव निघालं. ती त्यांनी स्वतः विकत घेतलेली. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून साठवलेल्या पैशांची. त्या काळी बायका भांडं घेतलं, की दुकानातच त्यावर नाव टाकून घ्यायच्या. जाऊबाईंच्या भांड्यात आपलं भांडं मिसळू नये म्हणून. बाईला स्वतःचं नाव लिहून घेण्याचा हक्क असलेली ती एकच जागा होती.

हे वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. ते सुचलं त्यानंतर दोन दिवसांनी, वकीलबाईंच्या टेबलासमोर.

कागदांची पिशवी

एक गिऱ्हाईक पक्कं होत आलं होतं. बिडकीनकडे नोकरी लागलेला तरुण, बायको आणि एक लहान मुलगी. त्यांना बँकेचं कर्ज काढायचं होतं, म्हणून कागद पाहिजेत. मी अण्णांची जुनी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. नोंदणी केलेलं खरेदीखत होतं. घरपट्टीच्या पावत्या होत्या. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा होता.

‘‘नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे हं,’’ त्या पहिल्यांदा म्हणाल्या. ‘‘ती कर आकारणीची नोंद. पट्टी कोणाकडून घ्यायची, एवढंच ती सांगते. मालकी सांगतं ते खरेदीखत. तुमचं नशीब चांगलं, की सासऱ्यांनी रजिस्ट्री केली होती.’’

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने प्लॉट घेतला तो बाँडपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. त्यांना वाटायचं शिक्का आहे म्हणजे पक्कं झालं. शंभर रुपयांच्या वरची कुठलीही स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणी लागते, असा कायदा इंग्रजांच्या काळापासून, १९०८ पासून आहे. पण लहान तुकड्यांच्या खरेदीत तुकडेबंदीचा कायदा आडवा यायचा, रजिस्ट्री व्हायची नाही, आणि लोक बाँडवर भागवायचे. काकूंच्या घराला दोनदा गिऱ्हाईक आलं, कागद बघून दोनदा गेलं. घर छान रंगवलेलं होतं!

मग वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. ‘‘खरेदीखतावर, आठवर, सगळीकडे सासऱ्यांचंच नाव आहे. मृत्युपत्र केलं होतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग वारस कोण कोण?’’

मी सांगितलं, ‘‘माझे मिस्टर आणि दीर.’’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘‘तुम्ही बचत गटांचं काम करता ना?’’

अक्षरशः जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कारण २००३ मध्ये राज्य सरकारने ग्रामपंचायतीच्या दप्तरी घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करायचं परिपत्रक काढलं, ‘घर दोघांचे’, तेव्हा मी नव्या उत्साहाने गावोगाव फिरले होते. बायकांचे अर्ज भरून दिले होते. त्यांना लक्ष्मीमुक्तीची गोष्ट सांगितली होती. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, हजारो बायका आल्या, आणि पुढे शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. लोकांच्या गावी हे सगळं सांगणारी मी, एकदा घरी अण्णांसमोर विषय काढला. ते हसून म्हणाले, ‘‘अगं, कागदाचं काय घेऊन बसलीस? घर तिचंच तर आहे.’’ सासूबाई चूल फुंकत होत्या. त्याही हसल्या. मी विषय सोडला. नवी सून होते, पुन्हा काढला नाही.

नमुना आठवर बायकोचं नाव लागलं म्हणजे ती मालक झाली असं नाही, हे आता मला कळतं. पण नाव असलं, की तिला न विचारता घराचा व्यवहार करणं अवघड होतं. उतारा काढायला गेलं, की दोन नावं दिसतात. कोणीतरी विचारतं, ही दुसरी कुठे आहे? आमच्या घरात असं विचारायला कागदावर काहीच नव्हतं. सासूबाईंचं नाव होतं ते माळ्यावरच्या हंड्यावर आणि परातीवर.

चार सारखे वाटे

वकीलबाईंनी कोऱ्या कागदावर चार गोल काढले. अण्णांनी स्वतः कमावलेलं घर, मृत्युपत्र नाही. मग हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिले वारस म्हणजे बायको, मुलगे आणि मुलगी. आई हयात असती तर तीही. चौघांना सारखा वाटा. मुलगी लग्न होऊन गेली तरी सारखाच.

‘‘हे २००५ च्या नव्या कायद्यामुळे ना?’’ मी विचारलं.

‘‘इथेच सगळ्यांची गफलत होते. बापाच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीला वाटा १९५६ पासून आहे!’’

मैत्रिणींनो, हे नीट समजून घ्या. १९५६ च्या कायद्याने बापाच्या पश्चात मुलीला वाटा दिला, पण राहत्या घराबाबत एक मेख मारून ठेवली होती. घरात कुटुंब राहत असेल, तर भावांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत बहिणीने ती मागायची नाही. ही अट २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकली. वडिलोपार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी. तिथे मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लागू केली, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळून. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने तो हक्क सगळ्याच मुलींना मिळाला. आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मुस्लिम भगिनींना त्यांचा वारसा कायदा लागू होतो. वाट्याचं प्रमाण वेगळं, पण बायकोला आणि मुलीला वाटा तिथेही आहे.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. माझे मिस्टर गप्प बसले. दिरांचा पुण्याहून फोन आला, ‘‘वहिनी, ताईची हक्कसोडवर सही घेऊन टाकू. ती काय नाही म्हणायची आहे? चांगली साडी घेऊ. आणि आईचं काय, आई आपल्याकडेच तर आहे.’’

हे ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत. ते खरंच तसं मानत होते. आपल्याकडे बहिणीच्या हक्कसोडपत्राची किंमत चोळी-बांगडी आहे, आणि तिने ती घेतली, की माहेर शाबूत राहतं असं सगळेच मानतात. बहीणसुद्धा!

पण या वेळी नणंदबाईंनी तसं मानलं नाही. मी त्यांना फोन केला. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, ‘‘वहिनी, माझ्या मुलीच्या फीसाठी मी गेल्या वर्षी दागिने मोडले. तेव्हा भावांकडे मागितले नाहीत, कारण मागायला लाज वाटली. आता हे जर माझंच असेल, तर मी ते का सोडू?’’

काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही. खरं तर उत्तर द्यायचं काही नव्हतंच.

‘मला कामून इचारलं नाही?’

पुढचे दोन महिने घरात वातावरण तंग. दीर माझ्याशी बोलेनात. ‘वहिनींच्या समाजसेवेने घर फोडलं,’ असं कोणाकडे तरी म्हणाल्याचं कानावर आलं. माझे मिस्टर मधल्यामध्ये. मी रात्र रात्र जागी राहून विचार करायची, की गप्प बसले असते तर? घर विकलं गेलं असतं, साडी दिली गेली असती, रक्षाबंधनाला सगळे एकत्र जेवले असते.

शेवटी एका रविवारी सगळे चितेगावच्या घरात जमलो. रंगवलेल्या, रिकाम्या घरात सतरंजीवर. भाऊ-बहिणीची बोलाचाली वाढत चालली तशी भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई बोलल्या. आवाज न चढवता.

‘‘तुम्ही तिघं वाटे करायलात. पण घर इकायचं का नाही, हे मला कोणी इचारलं का? कामून नाही इचारलं?’’

सगळे गप्प.

‘‘ह्या स्लॅबला माझ्या पाटल्या गेल्या. एकवीस दिवस हापशावरून पाणी आणून ह्याला मारलं मी, भेगा पडू नये म्हणून. तुमच्या बापाला शिफ्ट असायची. मला अक्षर येतं, चौथी शिकलेय मी. सही येते. पण तुम्ही मला डागडुजी सांगितली.’’

तेव्हा मला लाज वाटली ती वकीलबाईंसमोर वाटली होती त्याहून जास्त. कायद्याचा अभ्यास करून मी नणंदेचा वाटा शोधला होता. सासूबाईंचाही कागदावर मांडला होता. पण त्यांच्याशेजारी बसून, ‘आई, तुम्हाला काय वाटतं?’ एवढं काही मी विचारलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याच म्हणाल्या, ‘‘इका. माझ्याच्यानं आता हितं एकटीनं राहणं होत नाही, आन् बंद घर कुजतं. पण माझा वाटा माझ्या नावानं बँकेत पडला पाहिजे. पोरीचा पोरीच्या. साडी मी घेईन तिला, माझ्या पैशानं.’’

दीर उठून बाहेर गेले. ओट्यावर उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे.’’ एवढंच. नंतर सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. यंदाच्या राखीला नणंदबाई आल्या, दिरांनी राखी बांधून घेतली, पण जेवायला थांबले नाहीत. काही गोष्टींना वेळ लागतो.

रंगाच्या आधी हे करा

आमचे तीन महिने गेले ते रंगात नव्हे, कागदात. म्हणून जे उलट्या क्रमाने शिकलो, ते तुम्ही सुलट्या क्रमाने करा.

घरातल्या माणसाच्या मागे वारस नोंद वर्षानुवर्षं ठेवून देऊ नका. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज करा. सगळ्या म्हणजे लेकींचीही. मूळ खरेदीखत कुठे आहे ते बघा. गहाण असेल तर कर्जफेडीचा दाखला घ्या. गावठाणातलं घर असेल, तर ड्रोनने मोजणी झाल्यावर मिळणारी मिळकत पत्रिका आली आहे का, त्यावर कोणाचं नाव लागलंय, हे तपासा. केंद्राची ही स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली, पण तिचा पहिला प्रयोग आपल्याच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. मोजणीच्या दिवशी घरी बाईच असते, तर नाव सांगताना तिने आपलंही सांगावं!

बायकांच्या नावांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. आमच्या सासूबाईंचं आधार कार्डावर एक नाव, जुन्या रेशन कार्डावर दुसरं, हंड्यावर तिसरं. नणंदबाईंचं लग्नाआधीचं वेगळं, नंतरचं वेगळं. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, त्याला हा ताप नाही. विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जमवताना महिना गेला. सासूबाईंचं पॅन कार्ड नव्हतं, ते काढलं. स्वतःचं बँक खाते नव्हतं, ते उघडलं. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा!

पैसे बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला जून २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. शिवाय रोखीतला बाईचा वाटा कोणाच्या खिशात गेला, ते कधीच कळत नाही. विक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकर लागू शकतो आणि तो पैसा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर सूट मिळते, म्हणून व्यवहाराआधी एकदा सल्ला घ्या. हक्कसोडपत्र द्यायचंच असेल तर जरूर द्या, तो तुमचा अधिकार आहे. पण वाचून द्या. आणि ते नोंदवावं लागतं, कोऱ्या कागदावर सही करून देण्याची ती गोष्ट नव्हे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या नंबरवर फोन लावा.

हे सगळं झालं, की खुशाल रंग काढा.

लिहून देणार क्रमांक एक

रजिस्ट्रीचा दिवस. पैठणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात ही गर्दी. सासूबाईंनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं होतं. खरेदीखतात विकणाऱ्याला ‘लिहून देणार’ म्हणतात आणि घेणाऱ्याला ‘लिहून घेणार’. कारकुनाने वाचायला सुरुवात केली, ‘‘लिहून देणार क्रमांक एक...’’ आणि सासूबाईंचं पूर्ण नाव.

त्यांनी मान वर केली. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, यंत्रावर अंगठा झाला. मग त्यांनी पेन घेतलं आणि प्रत्येक पानावर सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली. मागची रांग चुळबुळत होती. कारकून म्हणाला, ‘‘आजी, अंगठा झालाय, सही छोटी केली तरी चालते.’’ त्यांनी छोटी केली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते अभिमानाचं नव्हतं. तीस वर्षं ज्या घराला त्यांनी पाणी घातलं, त्या घराच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं, ते घर हातातून जाताना! अण्णा असताना एका अर्जाने जे व्हायला हवं होतं, ते मालकी सोडायच्या कागदावर झालं. २००३ मध्ये मी तो विषय पुन्हा काढला असता तर? हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी घर घेणाऱ्या मुलाच्या बायकोला हाक मारली. ‘‘पोरी, कागदावर तुझं नाव हाये का गं?’’

ती लाजली. ‘‘आहे ना आजी. माझंच आहे. हे म्हणाले, बाईच्या एकटीच्या नावाने घेतलं तर स्टॅम्पमध्ये एक टक्का वाचतो.’’

महाराष्ट्रात ही सवलत २०२१ पासून आहे, त्या वर्षी महिला दिनाच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली. मी ती सासूबाईंना समजावून सांगितली. त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘टक्क्यासाठी का व्हईना, लागलं ना नाव!’’

किल्ली देताना त्यांनी त्या मुलीला परात दिली. हंडा आम्ही घरी आणला. माहेरचं नाव असलेला. तो आता आमच्या शहरातल्या फ्लॅटच्या दारात आहे, घासून लख्ख केलेला. परवा माझ्या मिस्टरांनी मला न सांगता सोसायटीत अर्ज दिला. आमचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर होता, त्याला माझं नाव जोडण्यासाठी काय काय लागेल, ते विचारणारा. आता आम्ही दोघं वकीलबाईंकडे जाणार आहोत.

मैत्रिणींनो, हा लेख वाचून झाला, की एक काम करा. घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात, कुठल्या पिशवीत आहेत ते विचारा. काढा आणि वाचा. त्यावर तुमचं नाव आहे का बघा. मग तुमच्या सासूचं आणि आईचंही बघा. घर विकायला निघेपर्यंत थांबू नका.